वेगाचे कर्दनकाळ

एसटीच्या स्टेअरिंगवर मी बत्तीस वर्षं काढली आणि त्या बत्तीस वर्षांत एक कोंबडी सोडली तर माझ्या गाडीखाली काहीही आलं नाही. कोंबडीचंही सांगतो, तिनं आपणहून उडी घेतली होती, कंडक्टर साक्षीला होता. महामंडळानं मला विनाअपघात सेवेचा बिल्ला दिलाय. तो आमच्या शोकेसमध्ये, सुनेनं आणलेल्या चिनी मातीच्या हरणाशेजारी, माणूस आत शिरल्या शिरल्या दिसेल असा ठेवलाय. कुणाला नाही दिसला तर मी उठून दाखवतो. अशा माणसाला, साठी उलटल्यावर, स्वतःच्या गावात, स्वतःच आणलेल्या कॅमेऱ्यानं वेगात गाडी चालवताना पकडलं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हात दाखवलात तर मी थांबणार नाही, नोकरीतली सवय आहे.

आमचं गाव नेकनूरपासून सात-आठ किलोमीटरवर, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेलं. एका अंगाला घरं, दुसऱ्या अंगाला शाळा. रस्त्याला खड्डे होते तोवर सगळं सुरळीत होतं. पुढाऱ्याची गाडी असो की कडब्याची, खड्ड्यापुढं सगळे सारखेच हळू. मग रस्ता सिमेंटचा झाला, आम्ही पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून गाड्या अशा सुटल्या की रस्ता ओलांडायचा म्हणजे आधी घरच्यांचा निरोप घ्यावा लागे.

जुलैमधली गोष्ट. छबुबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि तिनं पदराखालून एक जेवणाचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला. डबा म्हणजे एकेकाळी डबा होता. आता त्यात भाकरी सोडा, पापडही शिरला नसता. छबुबाई रस्त्याच्या आमच्या अंगाला, फाट्यावर, शेंगा आणि गोळ्या-बिस्किटं विकते. तिचा मुलगा सिदू आणि सून दिवाळी झाली की टोळीबरोबर कर्नाटकात ऊस तोडायला जातात, आणि त्यांची पोरगी राजनंदिनी आजीपाशी राहून शाळा शिकते. चौथीत आहे. रस्ता ओलांडताना तिचं दप्तर पडलं आणि एक जीप त्यावरून गेली. पोरगी चार बोटांनी वाचली.

"आण्णा, तुमी गाडीतलं मानूस," छबुबाई म्हणाली. "सिदू म्हनतोय, औंदा पोरगी संगं नेतो. माझा गुडगा हा असा, तिचा हात धरून रस्ता वलांडायचं माझ्यानं व्हत न्हाई. गाडीखाली जान्यापरीस फडात डोळ्यासमोर राहील म्हनतोय. मंग शाळा बुडालीच की वो तिची!"

राजनंदिनी आजीच्या मागं उभी होती. ती म्हणाली, "मला फडात न्हाई जायचं. दुसरीत असताना गेलते. परत आले तं पोरं मला ढ म्हनायची. आता माझा पयला नंबर हाय. एकोणीसचा पाढा म्हनू का?"

आणि तिनं म्हटला. एकोणीस नव्वे एकशे एक्काहत्तर म्हणताना ती माझ्याकडं अशी बघत होती की जणू मला तो येत नाही हे तिला कळलं होतं. मला खरंच येत नाही. मी जोरात ओट्यावर हात आपटला आणि म्हणालो, "छबुबाई, टोळी निघायच्या आत ह्या रस्त्याच्या गाड्या हळू करून दाखवतो. न्हाई केल्या तर बिल्ला काढून ठेवीन!"

"काढून कुठं ठेवताल?" आतून माझी बायको सुरेखा म्हणाली. "शोकेसमधीच तं हाय."

पहिल्यांदा शेजाऱ्यांचे सल्ले आले. आमच्या गावात पाणी आठ दिवसाला येतं, सल्ला चोवीस तास. एकानं सांगितलं, शाळेसमोर एक दगड रोवा, त्याला शेंदूर फासा, गाड्या हात जोडायला आपोआप हळू होतील. दुसरा म्हणाला की हळू होतील पण मग तिथं नारळवाला बसेल, मग जत्रा भरेल, आणि पोरांना शाळेत जायला दर्शनाची रांग लागेल. तिसऱ्यानं बुजगावण्याला पोलिसाचे कपडे घालायला सांगितलं. चौथा म्हणाला, "आण्णा, तुमीच उभे ऱ्हावा की खाकी घालून, तसंबी तुमाला काम काय हाय?" मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

शहाणा सल्ला दिला तो हनुमानरावांनी. हे आमचे भिंतीला भिंत शेजारी, तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. यांच्याकडं शासनाच्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स असते, आणि नसली तर त्यांना जेवण जात नाही. ते म्हणाले, "कॅमेरा मागा. वेग मोजणारा. मोटार वाहन कायद्याचं कलम एकशे छत्तीस-अ. आन् त्याखाली नियम एकशे सदुसष्ट-अ. माणूस ओळखीला भुलतो, कॅमेऱ्याला वळख न्हाई." मला ते फार पटलं. कॅमेऱ्याला खरंच ओळख नसते, हे मला पुढं फार जवळून कळलं.

मग मी बीडच्या चकरा सुरू केल्या. पहिल्या कार्यालयात सांगितलं, रस्ता आमचा आहे पण रस्त्यावरचा वेग आमचा नाही. दुसऱ्यात सांगितलं, वेग आमचा आहे पण खांब रोवायची जागा आमची नाही. तिसऱ्यात सांगितलं, शाळा आमची आहे पण शाळेच्या समोर जे काही आहे ते आमचं नाही. चौथ्यात एक कारकून भला निघाला. त्यानं अर्ज घेतला, उलटापालटा केला आणि विचारलं, "शाळा असल्याचा दाखला?"

"साहेब, शाळा शाळेतच हाय. येऊन बगा."

"बघायला कुणी यायचं? दाखला आणा."

मुख्याध्यापकांनी दाखला दिला की सदर शाळा सदर शाळेच्या जागेत भरते. तो घेऊन गेलो तर कारकून म्हणाला, "ठीक. आता तीन वर्षांतले मयत किती?"

"एकबी न्हाई," मी अभिमानानं म्हणालो.

त्यानं अर्ज परत केला. "मग अपघाती जागांच्या यादीत बसत नाही. मयत लागतात."

"म्हंजे आधी मरायचं, मग कॅमेरा?"

"तसं नाही हो काका. पण यादी तशी आहे."

त्या दिवशी मी एसटीनं परत आलो. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्यानं मला केबिनमध्ये बसवलं, तरी माझं तोंड कडूच. पिशवीत चपटा डबा होता. तो मी प्रत्येक कार्यालयात टेबलावर ठेवत होतो, आणि प्रत्येक कार्यालयात शिपाई तो उचलून म्हणत होता की जेवण बाहेर करा.

शेवटी काम झालं ते अमरसिंहमुळं. अमरसिंह म्हणजे आमच्या गावातलं उगवतं नेतृत्व. तो कधी उगवला हे कुणाला माहीत नाही, पण उगवतं असल्याचं त्याच्या प्रत्येक फ्लेक्सवर लिहिलेलं असतं. शाळेच्या व्यवस्थापन समितीवरही तो आहे. त्यानं डबा बघितला, डब्याचा फोटो काढला, फोटो कुठंकुठं पाठवला, आणि कुणाला तरी फोनवर दोनदा "साहेब, लई नाजूक विषय हाय" असं म्हणाला. नवरात्रात शाळेसमोर खांब उभा राहिला. खांबाच्या डोक्यावर कॅमेरा, आणि दोन्ही बाजूंना अलीकडं निळे-पांढरे फलक: वेगमर्यादा पंचवीस, कॅमेऱ्याची नजर आहे. नेकनूरच्या बाजूचा फलक लावताना शिडी मी धरली होती. बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला, "काका, कॅमेऱ्याइतकाच हा बोर्ड महत्त्वाचा. नियमच आहे. ठळक बोर्ड नसेल तर चलन टिकत नाही." हनुमानरावांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी जे जे म्हणून यंत्र आहे त्याची पूजा होते. ट्रॅक्टर धुतात, शिलाई मशीनला हार घालतात, ऊसतोडीचे कोयते पाटावर मांडतात. छबुबाईनं सिदूच्या कोयत्याची पूजा केली, आणि मग तिच्या मनात आलं की पोरीचा राखणदार उन्हात उभा आहे आणि त्याला कुणी विचारत नाही. तिनं सिदूला शिडीवर चढवला. झेंडूचा हार घातला आणि कॅमेऱ्याच्या डोळ्याच्या बरोबर मधोमध भरघोस कुंकू लावलं. तीन दिवस त्या कॅमेऱ्याला सगळं गाव लाल दिसत होतं. इंजिनिअर धावत आला आणि ओरडला, "मावशी, लेन्सला हात लावायचा नसतो!"

"हात कुठं लावला?" छबुबाई म्हणाली. "कुकू लावलं."

लेन्स पुसली. दसऱ्यानंतरच्या बुधवारी कॅमेरा रीतसर सुरू होणार असं ठरलं, आणि अमरसिंहनं जाहीर केलं की त्याच दिवशी माझा भव्य नागरी सत्कार होईल. मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा त्यानं विचारलंच नाही, म्हणून मीच त्याच्या घरी जाऊन वेळ विचारून आलो.

आता सत्कार म्हटल्यावर कलप आला. आमच्या गावातला न्हावी कलप लावतो पण तो कपाळालाही लावतो. म्हणून बुधवारी सकाळी सातलाच स्कूटर काढून मी नेकनूरला गेलो. तिथं माझ्याआधी तीन जण. माझा नंबर लागला, केसांना लागला, मिशीला लागला, आणि न्हावी म्हणाला की आता अर्धा तास हलायचं नाही. तेवढ्यात अमरसिंहचा फोन.

"आण्णा, कुठाय तुमी? साहेब येऊन बसलेत. नारळ हातात धरून मानूस उभा हाय!"

मी धुतलं न धुतलं आणि स्कूटरला किक मारली. हेल्मेट? हेल्मेट डिकीत होतं. ओल्या कलपावर हेल्मेट घालून सत्काराला कसं जायचं, तुम्हीच सांगा. आयुष्यात पहिल्यांदा मी हेल्मेट घातलं नाही आणि आयुष्यात पहिल्यांदा मूठ पूर्ण पिळली. डोक्यात एकच, नारळ हातात धरून माणूस उभा आहे.

आणि गावाच्या अलीकडं मला मी दिसलो.

रस्त्याच्या कडेला पंधरा फुटांचा मी. निवृत्तीच्या दिवशीच्या खाकी गणवेशात, पण रंगानं असा गोरा की आमच्या खानदानात तसं कुणी झालं नाही. माझ्यामागं एक वाघ. (वाघाचा काय संबंध, असं मी नंतर विचारलं. अमरसिंह म्हणाला, "आण्णा, तो पॅकेजमधी येतो.") वर सोनेरी अक्षरात: 'वेगाचे कर्दनकाळ, रस्तासुरक्षेचे जनक, मा. श्री. आश्रुबा आण्णा'. खाली बेचाळीस शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे, प्रत्येकाच्या खाली नाव, आणि सगळ्यांत मोठा गोल अमरसिंहचा, कानाला फोन लावलेला. मी स्वतःकडं बघतच राहिलो. खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. तेवढ्यात समोर लख्ख उजेड चमकला. मला वाटलं वर्तमानपत्रवाले आले. मी हसलो आणि एक हात वर करून नमस्कार केला.

सत्कार जोरात झाला. फेटा बांधला, शाल दिली, आणि मी भाषणात म्हणालो, "कॅमेऱ्यापुढं सगळे सारखे! उद्या माझा बाप जरी भरधाव आला तरी त्याला चलन बसलं पायजे!" टाळ्या पडल्या. बापाला उगाच मधे ओढलं.

तिसऱ्या दिवशी फाट्यावरच्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो. फोन वाजला. चष्मा घरी राहिलेला, म्हणून मी फोन हनुमानरावांकडं दिला. त्यांना कुठलाही सरकारी मजकूर मनातल्या मनात वाचता येत नाही. त्यांनी खणखणीत आवाजात वाचला.

"वाहन क्रमांक अमुक अमुक. मर्यादा पंचवीस. नोंदलेला वेग सत्तेचाळीस. शिवाय हेल्मेट नाही. आण्णा, हे तं तुमचंच चलन हाय!" मग त्यांनी फोटो उघडला. "आन् हे काय? हात कावून वर केलाय?"

फोन टेबलाटेबलावर फिरला. भजी तळणारा भजी सोडून आला. फोटोत वर पंधरा फुटांचा वेगाचा कर्दनकाळ, आणि त्याच्या बरोबर खाली, काळ्याकुळकुळीत मिशांचा, हसत हसत सत्तेचाळीसनं पळणारा दुसरा मी. हॉटेलात हशा पिकला. मी तोंड चुकवून घरी आलो. सुरेखानं फोटो बघितला, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "बत्तीस वर्सांत एक कोंबडी घावली. आता मोर घावला!"

त्या दिवशी मी शोकेसमधल्या बिल्ल्यावर रुमाल टाकला. मला त्याच्याकडं बघवेना.

संध्याकाळी हनुमानराव वही घेऊन आले. "आण्णा, रडू नका. चलन रद्द होतंय. नियमानं ठळक बोर्ड पायजे. बोर्ड झाकलेला होता."

"कशानं?"

"तुमच्यानं."

अमरसिंहच्या पोरांना फ्लेक्स बांधायला गावात दोन सरळ खांब मिळेनात. जे मिळाले ते वेगमर्यादेच्या फलकाचे होते. म्हणजे माझ्या वाघासकट मी, नेमका त्या पंचवीसवर चढलेला. मी लगेच शिडी आणायला उठलो. हनुमानरावांनी माझा हात धरला. "खबरदार! फ्लेक्सला हात लावायचा न्हाई. तो आता पुरावा हाय."

पुरावा म्हणून फ्लेक्स तसाच राहिला. गावात आठ दिवसांत एकूण त्रेसष्ट चलनं आली. अमरसिंहच्या एकट्या गाडीला तीन. सगळे माझ्या ओट्यावर जमले. "आण्णा, पयली तक्रार तुमी करा. कॅमेरा तुमी आणला, तुमचंच चलन चुकीचं ठरलं तर आमचं कोण धरतंय?" आणि हेही सगळ्यांना कळलं की बोर्डच नाही तर चलन नाही. मग काय, गाड्या पुन्हा जुलैसारख्या सुटल्या. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी एक पिकअप राजनंदिनीच्या इतक्या जवळून गेली की तिच्या वेणीची रिबन उडाली. मी ओट्यावरून बघत होतो. माझ्याच फोटोच्या आडोशानं गाड्या पळत होत्या, हे मला दिसत होतं आणि कळत होतं.

तरी मी तक्रारीवर सही केली. आता सांगायला लाज वाटते, पण केली. बिल्ल्यावरचा रुमाल काढायचा होता मला.

दिवाळी झाली, शाळा उघडली, आणि सुनावणीची तारीख नेमकी टोळी निघायच्या दिवशी आली. सकाळी आम्ही दोन जीप भरून बीडला निघालो तर फाट्यावर मुकादमाचा ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोयते, एक शेळी. त्या सगळ्याच्या वर राजनंदिनीचं दप्तर. छबुबाई जीपच्या खिडकीशी आली. "आण्णा, कॅमेरा ऱ्हानार न्हवं? लोक कायबाय बोलतेत."

राजनंदिनी शाळेच्या कपड्यांत होती. तिनं मला पाढा म्हणावा तसं सांगितलं, "कॅमेरा ऱ्हायला तं मी ऱ्हानार. गेला तं मी जानार. बाबा म्हनले, आण्णा दुपारी येऊन सांगतील."

सिदूनं मला हात जोडले. जीप सुटली.

सुनावणीला एक मॅडम होत्या. चष्म्यावरून बघणाऱ्या. अमरसिंह पुढं झाला, नियम एकशे सदुसष्ट-अ म्हणाला, आणि पुरावा म्हणून फ्लेक्सचा मोठा रंगीत फोटो टेबलावर पसरला. मॅडमनी तो नीट बघितला. वाघही बघितला.

"बोर्ड झाकलेला दिसतोय, खरं आहे. झाकला कुणी?"

"कुणीतरी, मॅडम. अज्ञात इसम."

"अज्ञात?" मॅडमनी फोटोवर बोट ठेवलं. "हे फोन लावलेले कोण?"

अमरसिंहनं हातातला फोन खिशात घातला.

"आणि हे गॉगलवाले? हे तुमच्या मागं उभेत तेच ना? आणि ह्या तिसऱ्याचं नाव खाली लिहिलंय, हनुमान... ते तुम्हीच ना, वहीवाले?" त्या एकेका गोलावर बोट ठेवत गेल्या आणि एकेक माणूस दाराकडं सरकत गेला. "वाहतुकीचा बोर्ड झाकणं हाही गुन्हाच आहे. पुरावा तुम्हीच आणलाय, नावांसकट. ज्याला तक्रार करायचीय त्यानं आपलं नाव सांगावं, मी फोटोत टिक करते."

नाव सांगायला एकही गोल पुढं आला नाही. जे फ्लेक्सवर नव्हते ते आयुष्यात पहिल्यांदा फ्लेक्सवर नसल्याबद्दल खूष होते, पण पुढारी सरकला म्हटल्यावर तेही सरकले. हनुमानरावांनी वही शर्टात घातली.

राहिलो मी. मॅडम माझ्याकडं वळल्या. "काका, तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही सत्कारमूर्ती. फ्लेक्स तुम्ही बांधला नाही, तुम्ही तर गावात नव्हता. तुमचा हेल्मेटचा दंड राहील, पण वेगाचं चलन रद्द करता येईल. मात्र ते रद्द केलं की त्या दिवसापासूनची सगळीच करावी लागतील. मग हा कॅमेरा वादात. तो काढून दुसरीकडं द्यायला सांगतील. उमापूर गावाकडून मागणी आहेच."

दाराशी सरकलेले सगळे तिथंच थांबले. अमरसिंहनं मला मागून हळूच ढोसलं. "आण्णा, म्हना हो. एवढंच म्हना, बोर्ड दिसला न्हाई."

मॅडमनी विचारलं, "बोर्ड दिसत होता का तुम्हाला?"

"न्हाई," मी म्हणालो.

मागून कुणीतरी सुस्कारा सोडला.

"पन मॅडम," मी म्हणालो, "मला तो दिसायची गरज न्हवती. तो बोर्ड लावताना शिडी मी धरलीय. पंचवीस हे मला पाठ हाय. शाळा मला म्हाईत हाय, शाळेत जानारी पोरगी मला म्हाईत हाय. म्हाईत असून मी मूठ पिळली. कावून, तर माझा सत्कार व्हता. माझी तक्रार मी मागं घेतो. दोनी दंड भरतो. फकस्त कॅमेरा तिथंच ऱ्हाऊ द्या."

बत्तीस वर्षांत चौकशीच्या टेबलासमोर उभं राहायची पाळी आली नव्हती आणि आली तेव्हा गुन्हा कबूल करून बसलो. मॅडमनी कागद फिरवून माझी सही घेतली. मग म्हणाल्या, "आजच्या आज तो वाघ उतरवा."

येताना जीपमध्ये, नेकनूर आल्यावर अमरसिंह म्हणाला, "आण्णा, तुमी आमाला बुडवलं." मी म्हणालो, "पंचवीसनं चालव की बे जरा!" तो ड्रायव्हरला म्हणालो, पण लागलं अमरसिंहला.

फाट्यावर पोचलो तेव्हा शाळेची मधली सुट्टी होती. ट्रॅक्टर सुरू करून ठेवलेला. सिदू उतरून माझ्यापुढं आला.

"कॅमेरा ऱ्हातोय," मी म्हणालो. "आन् मी दंड भरला."

सिदू ट्रॉलीवर चढला. गोधड्यांवरचं दप्तर उचललं, एक गाठोडं सोडून त्यातले दोन फ्रॉक आणि एक स्वेटर काढला, आणि सगळं आणून छबुबाईच्या हातात दिलं. पोरीच्या आईनं पोरीला पोटाशी धरलं ते सोडेचना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ट्रॅक्टरच्या धुरानं आलं, असं मी सुरेखाला सांगितलंय.

मग मी शिडी आणली. हनुमानरावांनी मुकाट्यानं ती धरली. एकेक दोरी सोडली तसा मी खाली आलो, वाघ खाली आला, बेचाळीस शुभेच्छुक खाली आले, आणि मागं तो पंचवीस निघाला, कोरा करकरीत. फ्लेक्सची घडी घालत होतो तर सिदू म्हणाला, "आण्णा, फेकून देनार का? फडातल्या कोपीच्या छपरावर टाकायला झाला असता. तिकडं लई दव पडतं."

मी देऊन टाकला. त्यानं तो तिथंच ट्रॉलीतल्या सामानावर पसरून दोरीनं करकचून बांधला, सुलटा, माझं तोंड आभाळाकडं करून. ट्रॅक्टर हलला. एवढं ओझं, दोन ट्रॉल्या, फार तर अठराचा वेग असेल. शाळेसमोरून, कॅमेऱ्याखालून, वाघासकट मी सावकाश पुढं गेलो. उजेड चमकला नाही.

राजनंदिनी माझ्याशेजारी उभी राहून आईला हात करत होती. ट्रॉली वळणाला गेली तसं तिनं बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आण्णा, बगा, आता बराबर चाललात तुमी."

घंटा झाली. तिनं दप्तर पाठीला लावलं, आधी उजवीकडं बघितलं, मग डावीकडं बघितलं, आणि रस्ता ओलांडून शाळेत गेली.